विज्ञान-पाठ : माशांचे आईबाप



मृगाचा पाऊस लागला की वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, मार्कंडेय या आपल्या नद्यांना नवे पाणी येते. ते ओढ्यांत, शेतांत शिरते आणि कितीतरी मासे अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहाने वर चढतात. हेच चढणीचे मासे. पण पुढे पिलांना सांभाळते कोण? प्रत्येक जातीची तऱ्हा निराळी आहे.

१) रोहू व कटला : मादी पुराच्या पाण्यात लाखो अंडी सोडते, नर ती फलित करतो आणि दोघेही निघून जातात. बहुतेक अंडी-पिले इतरांच्या पोटात जातात. पण लाखांतून थोडी जगली तरी वंश टिकतो.

२) मरळ : अंडी काही हजारच. जोडी पाणवनस्पती बाजूला सारून जागा करते. तरंगणाऱ्या अंड्यांवर आणि पुढे तांबूस पिलांच्या थव्यावर पहारा ठेवते.

३) चिलापी, म्हणजे तिलापिया : हा मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणलेला. नर तळाशी खड्डा करतो. मादी फलित अंडी तोंडात धरते आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहते. मरळीच्या कुळातील एका लहान माशात हेच काम बाप करतो!

हे मासे विचार करून ठरवत नाहीत. जिथे शत्रू फार, तिथे ज्यांनी अंडी थोडी अधिक राखली त्यांची पिले अधिक जगली. तोच स्वभाव पुढच्या पिढ्यांत उतरला. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. माशांत बापच अनेकदा राखण का करतो? अंडी बहुधा शरीराबाहेर, नराने राखलेल्या जागेतच फलित होतात. तो तिथेच असतो. मादी मात्र खाऊन पुन्हा अंडी तयार करायला मोकळी होते.

आता पालकांसाठी दोन शब्द. तांबड्या पिलांचा थवा दिसला की खाली मरळ आहे हे गळ टाकणाऱ्याला कळते. पहारा सोडून ती पळत नाही, म्हणून सहज सापडते. पण एक मरळ ताटात येते तेव्हा मागे राखणदार उरत नाही आणि थवा इतर माशांच्या तोंडी जातो. अंड्यांनी भरलेली चढणीची मासळी पकडली, तर पुढच्या वर्षीचे बीजच संपते. पावसाचे पहिले काही आठवडे त्यांना सोडावे, अशी आमची विनंती आहे.

स्वाध्याय :
१) लाखो अंडी घालणारा मासा राखण का करत नाही?
२) चढणीला पूर्वी कोणते मासे येत, हे घरातील आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा.