नदी, दरड आणि दरी

डोंगरातील नदीचे चित्र काढायला सांगितले, की आपण दोन बाजूंना उभे डोंगर काढतो आणि मधून एक निळी रेघ ओढतो. डोंगर तेवढे स्थिर आणि पाणी तेवढे वाहते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या चित्रातील प्रत्येक गोष्ट बदलत असते. काही बदलांना हजारो वर्षे लागतात, तर काही एका रात्रीत होतात. दोन्ही प्रकारचे बदल एकत्र पाहायचे, तर गढवाल हिमालयातील अलकनंदेच्या खोऱ्यासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

प्रथम, नदीजवळ काम करण्याची शक्ती कोठून येते ते पाहू. उंचावरील पाण्यात स्थितिज ऊर्जा असते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम. दर सेकंदाला एवढे पाणी १०० मीटर खाली उतरत असेल, तर १,००० × ९.८ × १०० म्हणजे ९,८०,००० जूल ऊर्जा दर सेकंदाला मोकळी होते. ही शक्ती सुमारे १,३०० अश्वशक्ती भरते. तिचा बराचसा भाग भोवरे व घर्षण यांत खर्ची पडतो. उरलेल्या भागाने नदी दगडगोटे वाहून नेते आणि त्यांच्याच साहाय्याने तळाचा खडक झिजवते. पाण्याबरोबर आपटत, घासत जाणारे गोटे हीच नदीची छिन्नी.

या कामात वेगाला फार महत्त्व आहे. दगडावर बसणारा पाण्याचा रेटा हा दगडाच्या त्रिज्येचा वर्ग आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दगडाचे वजन मात्र त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. या दोहोंची तुलना केली, म्हणजे असे दिसते, की हलू शकणाऱ्या दगडाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि म्हणून त्याचे वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की ६४ पट वजनाचा धोंडा हलतो. तिप्पट झाला की ७२९ पट वजनाचा! वर्षभर शांत वाहणारी नदी महापुराच्या दोनचार दिवसांत एवढी उलथापालथ कशी करते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पण नदी कापते ती आपल्या पात्रापुरतीच. मग दरी वर एवढी रुंद कशी? नदी तळ खोल करते, काठाचा पायथा पोखरते, आणि आधार सुटलेला उतार खाली घसरतो. भेगांत गोठणारे पाणी व मुसळधार पाऊस त्याला मदत करतात. म्हणजे दरी खोल करते नदी, रुंद करतात दरडी, आणि त्या दरडींचा मलबा वाहून नेते पुन्हा नदीच. त्यामुळे दरीला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचा आकार येतो. हिमालय अजूनही वर उचलला जात असल्यामुळे हे काम संपत नाही.

कधीकधी दरड एवढी मोठी असते, की ती नदीलाच अडवते. सप्टेंबर १८९३ मध्ये गोहना गावाजवळ एका डोंगराचा कडा अलकनंदेची उपनदी बिरही गंगा हिच्या पात्रात कोसळला. सुमारे २७० मीटर उंचीचा नैसर्गिक बांध तयार झाला आणि मागे सरोवर भरू लागले. अभियंता ले. कर्नल पुलफर्ड यांनी पाहणी करून अनुमान काढले, की बांध लगेच फुटणार नाही. पाणी त्याच्या माथ्यापर्यंत चढेल आणि ऑगस्ट १८९४ च्या सुमारास वरून वाहू लागेल. मग हरिद्वारपर्यंत तारायंत्राची सोय झाली, झुलते पूल सोडवून घेतले गेले, काठावरील लोकांना उंच जागी हलवले गेले.

२५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांधाचा वरचा भाग फुटला. साडेचार तासांत सुमारे २८ कोटी घनमीटर पाणी बाहेर पडले. सेकंदाला हे सरासरी किती झाले? १७,००० घनमीटरांहून अधिक! खालचे श्रीनगर शहर वाहून गेले. पण हलवल्यानंतरही परत आलेले एक फकिराचे कुटुंब सोडले, तर प्राणहानी झाली नाही.

उरलेले सरोवर पुढे ७६ वर्षे टिकले. साठलेल्या पाण्यात वेग नाही, म्हणून वरून आलेला गाळ तेथेच बसत गेला. जुलै १९७० च्या महापुरात ते सरोवर संपले. त्या पुराचा गाळ हरिद्वारच्या पुढे गंगेच्या कालव्यातही साचला. जंगल तुटलेल्या उतारांवर दरडी अधिक कोसळतात, हे चमोली जिल्ह्यातील गावकऱ्यांनी तेव्हा ओळखले. तेथेच १९७३ साली ‘चिपको’ आंदोलन सुरू झाले.

मात्र प्रत्येक वेळी नदी अकरा महिन्यांची मुदत देत नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी याच जिल्ह्यात रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक व बर्फ खालच्या दरीत कोसळले. चिखल, धोंडे व पाणी यांचा लोंढा ऋषिगंगेतून धौलीगंगेत शिरला आणि त्याने दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. धोक्याची सूचना देण्यास हाताशी केवळ काही मिनिटे होती.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डोंगरी मुलखात सपाट जागा दुर्मीळ असते आणि गावे, रस्ते, बाजार तेथेच वसतात. पण नदीकाठची अशी बरीच सपाट जागा म्हणजे नदीचे जुने पात्र, पुराने पसरलेला गाळ किंवा कोसळलेल्या दरडीचा मलबा असतो. तेथे घर बांधण्यापूर्वी ही जागा कोणी सपाट केली, असे विचारले पाहिजे.

करून पाहा : एका लांबट ट्रेमध्ये ओली वाळू व माती थापा. एक टोक वीटभर उचला आणि वरच्या टोकाला नळीने बारीक धार सोडा. घळ तयार झाली, की ओल्या मातीच्या गोळ्याने ती मध्येच अडवा. बांधाच्या मागे वाळू कशी साचते, बांध फुटल्यावर पाणी त्या साचलेल्या थराला कापत कसे खाली जाते आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या कशा उरतात, ते पाहा. मग धार थोडी मोठी करा. आता कोणत्या आकाराचे खडे हलू लागले? वहीत नोंद करा आणि कारण सांगा.