रिपोर्ट नॉर्मल आले, तरी विचारा

अकरावीला शिकवणीसाठी गाव सोडून लातूरला आलो आणि काही महिन्यांतच पोट दुखायला लागलं. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासली, सगळं नॉर्मल. "काही नाही, अभ्यासाचं टेन्शन आहे," म्हणत पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. रात्र रात्र झोप नसायची. मेसचा डबा तसाच परत जायचा, मग उत्तररात्री बिस्किटांचे पुडे संपायचे. मैदान सुटलं, मित्र तुटले. जगावंसं वाटत नव्हतं, पण ते कोणी विचारलंच नाही. पुढे इंजिनिअर झालो, नोकरी लागली. घरच्यांना वाटलं, पोरगा मार्गी लागला.

तिशी ओलांडली आणि रक्तदाब, साखर दोन्ही वाढलेली निघाली. घराण्यात मधुमेह नाही. तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "सोळा-सतराव्या वर्षी झोप कशी होती? मन कसं होतं?" माझा आजार त्या दोन वर्षांमुळेच झाला, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण नातं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१५ मध्येच किशोरवयातल्या तीव्र नैराश्याची गणना अकाली हृदयविकाराच्या जोखमींत केली. ताण महिनोन्महिने टिकला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं, त्याने साखर आणि रक्तदाब वाढू शकतो. झोप मोडली की भुकेचं तंत्र बिघडतं. शिवाय खचलेलं मूल खेळत नाही, तंबाखूकडे लवकर वळू शकतं, आणि त्या वयात जडलेल्या सवयी सहजी सुटत नाहीत.

मानसिक आजारांपैकी निम्मे अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून आईबापांनो, पोट किंवा डोकं वारंवार दुखतंय आणि तपासण्यांत काहीच निघत नाही, तर तिथे थांबू नका. दुखणं खरं असतं, मूल नाटक करत नसतं. झोप, जेवण, खेळ, मित्र यांपैकी काय सुटलं ते बघा. डॉक्टरांना मुलाशी एकट्याने बोलू द्या. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हे निकालानंतर बघू म्हणू नका.

आणि जे माझ्यासारखे त्यातून गेलेत, त्यांनी तो काळ आपल्या डॉक्टरांना जरूर सांगावा; रक्तदाब आणि साखर चाळिशीची वाट न बघता तपासावी. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.