साहेबांनाही पासवर्ड देऊ नकोस

अर्धापूर, जि. नांदेड

चि. वैष्णवीस,


ताईशी फोनवर बोलणं झालं. लातूरच्या ऑफिसात तुझं मन लागेना आणि त्याचं कारण माणसं नसून मेल आहे, असं ती म्हणाली. मेल मध्येच लॉगआउट होतो, जोडलेली फाइल उघडत नाही, तीन महिने झाले की पासवर्ड बदला म्हणतो आणि ओटीपी जातो बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या मोबाइलवर. तुझा राग खरा आहे. नवी पोरं असं काही बोलली की "तुम्हाला कॉम्प्युटर जमत नाही" म्हणून गप्प करायची पद्धत आहे. तू गप्प बसू नकोस.

पासवर्ड सारखा बदलायचा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घालायचं, हा नियम काही दगडावरची रेघ नाही. अमेरिकेत मानकं ठरवणारी एनआयएसटी नावाची सरकारी संस्था आहे. तिच्यासाठी बिल बर यांनी 2003 साली मार्गदर्शिका लिहिली आणि ऑफिसांनी ती उचलली. पण माणूस काय करतो? 'नांदेड@1'चं 'नांदेड@2' करतो. 2010 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या हजारो जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड हाती असला, तर पाचातल्या दोन खात्यांचा नवा पासवर्ड संगणकाने काही सेकंदांत शोधून काढला. शेवटी 2017 मध्ये एनआयएसटीनेच सांगितलं, की उगाच मुदत घालून बदलायला लावू नका, फुटल्याची शंका आली तरच बदला. बर यांनीही त्याच वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. म्हणजे तुझी तक्रार आळशी माणसाची नाही.

मला जास्त काळजी वाटते ती याच्या परिणामाची. सॉफ्टवेअर दिवसातून चारदा पासवर्ड मागायला लागलं, की डोळे वाचायचं सोडतात आणि बोटं आपसूक टाइप करतात. मग एक दिवस "आपला मेलबॉक्स भरला आहे, येथे लॉगिन करा" असा खोटा मेल येतो. खरा मेल रोज तसाच येत असतो, म्हणून खोटाही खपून जातो. त्यामुळे मेलमधल्या लिंकवरून कधीच लॉगिन करू नकोस. पत्ता स्वतः टाइप कर, मग आत जा.

आता मुख्य गोष्ट. तुझे आताचे साहेब म्हणतात, "पासवर्ड देऊन ठेव, रजेवर गेलीस तर काम अडायला नको." देऊ नकोस. साहेब कितीही सज्जन असले तरी देऊ नकोस. आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या, एक कॅशियरकडे, एक मॅनेजरकडे. मॅनेजरने कॅशियरची किल्ली मागायची नसते आणि कॅशियरने द्यायची नसते. त्यात अविश्वासाचा प्रश्न नव्हता. उद्या पैसे कमी भरले तर दोघांनाही मान वर करून उभं राहता यावं, एवढाच हेतू. संगणक आल्यावरही एकाने व्यवहार टाकायचा आणि दुसऱ्याने पास करायचा, हेच चालू राहिलं. दोन्ही पासवर्ड एकालाच माहीत झाले, की ती सगळी व्यवस्था फक्त कागदावर उरते.

पैसे पळवायला आता किल्लीही लागत नाही. जानेवारी 2021 मध्ये आपल्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या आयडीबीआय बँकेतल्या खात्यातून साडेचौदा कोटींच्या आसपास रक्कम चोरट्यांनी ऑनलाइन वळती केली. कुलूप तोडलं नाही की कुणाला धमकावलं नाही. अशा प्रकरणात चौकशी लागली, की पहिला प्रश्न असतो, लॉगिन कुणाचं? तिथे तुझं नाव असेल, तर "साहेबांनी मागितला होता" हे सिद्ध करायचं ओझं तुझ्या खांद्यावर येईल. तोंडी मागितलेल्या गोष्टीला पुरावा कुठून आणशील? दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण ती शिक्षा वापरणाऱ्याला. तोवर तुझी झोप उडालेली असेल, ती भरून देणारं कलम नाही.

साहेबांशी हुज्जत घालू नकोस. "साहेब, रजेच्या दिवसांत माझे मेल तुमच्याकडे वळवून ठेवते," असं नम्रपणे म्हण. ती सोय बहुतेक सगळ्या मेलमध्ये असते.

आणि कीबोर्डखाली चिठ्ठी ठेवतेस, असं ताई बोलता बोलता बोलून गेली. ती आजच फाड. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घे, परात, सोयाबीन, पाऊलवाट असे, आणि सलग लिही (हेच नकोत, तुझे तू शोध). घरच्यांची नावं, जन्मसाल, गाव यांतलं काही नको. ऑफिसचा संगणक चौघं वापरतात, तेव्हा ब्राउझरने "सेव्ह करू का" विचारलं तर नाही म्हण.

एवढं झाल्यावर लेखी अर्ज दे. पासवर्डची मुदत काढा, ओटीपीसाठी माझा मोबाइल नंबर नोंदवा, शाखेच्या कामासाठी सामायिक मेलबॉक्स द्या, ज्यात प्रत्येक जण आपापल्या लॉगिनने शिरेल. एनआयएसटीचा दाखला त्यात घाल. एकटीच्या सहीने देऊ नकोस, शेजारच्या टेबलावरच्यांनाही हाच त्रास आहे, त्यांच्याही सह्या घे. आवक क्रमांक टाकून पोच घे आणि तिचा फोटो मला पाठव.

तुझा,
मामा