कुक्कुटमांस : पशुकल्याण आणि ग्राहकाची निवड

देशातील एकूण मांसोत्पादनात कुक्कुटमांसाचा वाटा सुमारे निम्मा आहे. त्यामुळे पशुकल्याणाचे भान ठेवून मांस निवडण्याचा प्रश्न भारतात मुख्यत्वे कोंबडीपाशी येऊन थांबतो. येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ वारंवार होतो. तारेच्या पिंजऱ्यांचा वाद प्रामुख्याने अंडी देणाऱ्या कोंबड्यांविषयीचा आहे. मांसासाठीचे ब्रॉयलर पक्षी बहुतांशी शेडमध्ये, तुसाच्या गादीवर वाढविले जातात. मात्र पिंजरा नाही म्हणून प्रश्नही नाही, असे म्हणता येत नाही. जलद वाढीसाठी निवडलेला हा पक्षी पाच-सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो वजन गाठतो आणि अनेकदा त्याचे पाय हे वजन पेलू शकत नाहीत. पक्ष्यांची दाटी वाढली की गादी ओलावते, अमोनिया साचतो व रोग बळावतात. त्यातून प्रतिजैविकांचा वापर वाढतो. मानवी उपचारांतील अखेरच्या पर्यायांपैकी एक असलेल्या कोलिस्टिनवर केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी बंदी घातली, ती याच पार्श्वभूमीवर.

संविधानाच्या अनुच्छेद ५१क (छ) नुसार सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. २०१४ च्या नागराजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या दोहोंच्या आधारे प्राण्यांची ‘पाच स्वातंत्र्ये’ मान्य केली : भूक-तहान, अस्वास्थ्य, वेदना व रोग आणि भीती यांपासून मुक्तता, तसेच नैसर्गिक वर्तनाची मुभा. विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात (२०१७) अंडी देणाऱ्या कोंबड्या व ब्रॉयलर यांच्यासाठी नियमांचे स्वतंत्र मसुदे सुचविले आणि शेतांच्या प्रमाणीकरणाची शिफारस केली. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

प्रमाणीकरणाचा मुद्दा कळीचा आहे. दुकानातील ग्राहकाला भाव दिसतो, संगोपनाची पद्धत दिसत नाही. शेतकऱ्याचे स्वातंत्र्यही मर्यादितच. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते आणि शेतकऱ्याला संगोपनाचा मोबदला मिळतो. पक्ष्यांना अधिक जागा दिल्यास त्याचेच उत्पन्न घटते.

पर्याय म्हणून परसातील कुक्कुटपालनाकडे पाहिले जाते. विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्यादी पक्ष्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातील होते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘वनराजा’ ही जात अशाच संगोपनासाठी आहे. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. परंतु तो मूळस्थानाची ग्वाही देतो, पक्षी मोकळा वाढल्याची नव्हे. ‘गावठी’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कोंबडीबाबत तर तेवढाही पुरावा नसतो. शिवाय कडकनाथला दीड किलोच्या आसपास पोहोचण्यास चार-पाच महिने लागतात. या काळातील खाद्य, मजुरी व मरतूक यांचा भार किमतीत उतरतो आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी स्वस्त प्रथिनांचा पर्याय ब्रॉयलर हाच राहतो.