भटक्या कुत्र्यांची सेवा: माया हवीच, शिक्षणही हवं

2021 मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. त्यामागच्या ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या मोहिमेत डॉक्टर होतेच, पण जाळं टाकून कुत्रा पकडणारे, लस टोचणारे, प्रत्येक कुत्र्याची मोबाइलवर नोंद करणारे आणि शाळाशाळांतून मुलांना कुत्र्यांपासून सांभाळून राहायला शिकवणारेही होते. यातलं एकही काम नुसत्या भूतदयेवर होत नाही. प्रत्येकाला प्रशिक्षण लागतं.

निवारा केंद्रात तर हे पदोपदी जाणवतं. नवा कुत्रा आला की त्याला आधी वेगळं ठेवावं लागतं, कारण पार्वो किंवा डिस्टेंपरसारखा संसर्गजन्य रोग आतल्या पिल्लांपर्यंत पोचला तर एकेक करून सगळी दगावू शकतात. पार्वोचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, बुटाला आणि भांड्याला चिकटून फिरतो. म्हणून पिंजरा धुणारा माणूस तिथे डॉक्टरइतकाच मोलाचा. जखमेतल्या अळ्या काढणं, अपघातात मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची कूस दिवसातून अनेकदा बदलणं, हे रोजचंच. हरवलेला पाळीव कुत्रा मात्र वेगळाच त्रास देतो: अंगावर जखम नसते, पण तो कोपऱ्यात दबून बसतो, अन्नाला तोंड लावत नाही. शेपूट, कान, डोळे यांवरून त्याची भीती ओळखता आली नाही, तर मदतीचा हातच चावला जातो.

मुलाला या कामात डॉक्टर, म्हणजे पशुवैद्य, व्हायचं असेल तर बारावीला जीवशास्त्र आणि नीट परीक्षा अटळ. पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे आहेत. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तर 1886 पासूनचं. पालकांना धीर देणारी बाब अशी, की याच पदवीवर पुढे लोकसेवा आयोगातून पशुधन विकास अधिकारी होता येतं, स्वतःचा दवाखानाही काढता येतो.

मागणी आहे का? आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. त्यासाठी शस्त्रक्रिया करणारे, नंतर देखभाल करणारे आणि नोंदी ठेवणारे लोक लागतात. धर्मादाय संस्थांत मदतनिसाचा पगार मात्र बेताचाच असतो, हे घरात आधीच मोकळेपणानं बोललं गेलं पाहिजे.

मुलाचा कल खरा आहे का, हे पाहायला सुट्टीतले काही आठवडे पुरतात. मुंबईत 1985 पासून ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ आहे, पुण्यात ‘रेस्क्यू’ आहे. संस्था कोणतीही असो, पालकांनी तिथे स्वतः जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: काम करणाऱ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस आधी दिली जाते का, पशुवैद्य रोज येतो का, आणि नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी बिथरलेल्या कुत्र्यापुढे उभं करतात का.