आद्य मराठी कवयित्री महदाइसा

मराठी भाषेंतील पहिली कवयित्री कोण, असें वर्गांत विचारलें असतां पुष्कळ विद्यार्थी मुक्ताबाईचें किंवा जनाबाईचें नांव सांगतात. हीं नांवें थोर खरीं. परंतु आद्य कवयित्रीचा मान विद्वान् लोक महदाइसेस देतात. विशेष हें कीं, तिची वाणी जेथें फुलली तें रिद्धपूर आपल्या बोरगांवाहून फार दूर नाहीं. वर्धा नदीपलीकडील अमरावती जिल्ह्यांत, मोर्शी तालुक्यांत, तें गांव आहे.

महदाइसा तेराव्या शतकांत, देवगिरीच्या यादवांच्या काळांत होऊन गेली. तिला महदंबा असेंही म्हणतात. लहान वयांतच तिला वैधव्य आलें. त्या काळीं विधवेच्या वांट्यास बहुधा घराचा एक कोपराच येई. परंतु तिनें ज्ञानाचा मार्ग धरिला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांची ती शिष्या झाली. म्हाइंभटानें सन १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्र' ग्रंथांत ती वारंवार भेटते, आणि बहुतेक वेळां प्रश्न विचारतांनाच भेटते. एखादी गोष्ट उमगली नाहीं तर ती गप्प बसत नसे, पुन्हां विचारी. गुरूंनींही तिच्या जिज्ञासेचें कौतुकच केलें.

चक्रधरांच्या मागें ती रिद्धपुरास त्यांचे गुरु गोविंदप्रभु यांच्या सेवेंत होती. प्रभूंची वृत्ति बालकासारखी. एकदां त्यांनीं आपलें लग्न व्हावें असा हट्ट घेतला. भक्तांनीं लग्नाचा थाट मांडला आणि गाणीं म्हणण्याचें काम महदाइसेकडे आलें. तिनें श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा घेऊन तेथल्या तेथें गीतें रचून म्हटलीं. तेच तिचे 'धवळे'. धवळा म्हणजे लग्नांत वरास उद्देशून गावयाचें गीत. हा प्रसंग सन १२८६-८७ च्या सुमाराचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही थोडा आधींचा, मानतात.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. त्या काळीं विद्वानांची भाषा संस्कृत होती. केशोबास नांवाचे पंडित संस्कृतांत ग्रंथ लिहूं लागले, तेव्हां पंथाचे आचार्य व महदाइसेचे आप्त नागदेवाचार्य यांनीं त्यांस थांबविलें. संस्कृतांत लिहिल्यास पंथांतील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, असें त्यांचें म्हणणें. ज्ञान मराठींत राहिलें, त्यास अशा प्रश्न विचारणाऱ्या स्त्रियाही कारण झाल्या.

दूर जपानांतही असेंच घडलें होतें. सन १००० च्या सुमारास तेथील दरबारांत विद्वान् पुरुष चिनी भाषेंत लिहीत. मुरासाकी शिकिबू व इझुमी शिकिबू या स्त्रियांनीं मात्र घरच्या बोलींत, सोप्या काना लिपींत लिहिलें. आज त्यांचें लेखन जपानी वाङ्मयाचें भूषण आहे. त्या राजवाड्यांत राहणाऱ्या, तर आपली महदाइसा भिक्षेच्या अन्नावर राहणारी. तरी मातृभाषेस थोरवी देण्याचें कार्य एकच.

महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपून ठेविले. त्यामुळें शतकानुशतकें ते बाहेरच्यांस अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांच्या परिश्रमांनीं ते उजेडांत आले. सन २०२३ मध्यें शासनानें मराठी भाषा विद्यापीठासाठीं याच रिद्धपुराची निवड केली.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलगी फार प्रश्न विचारते म्हणून तिला दटावूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या आजीस लग्नांतलीं व जात्यावरचीं किती तरी गाणीं मुखोद्गत असतील. महदाइसेचें गाणें कोणीतरी लिहून ठेविलें, म्हणूनच तें आज आपणांपर्यंत आलें. येत्या सुट्टींत वही घेऊन आजीजवळ बसा, आणि ती म्हणेल तसें, तिच्याच शब्दांत, उतरून घ्या.