घरीच असतो तो

"घरीच आहेस ना, मग गॅसवाला येईल तेव्हा तेवढं बघ."

हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, सांगता येणार नाही. तुमच्याही तोंडून येत असेल. मूल खोलीत लॅपटॉपसमोर बसलेलं असतं. आपण दार लोटून आत जातो आणि सांगून मोकळे होतो, आजीची औषधं आण, कुरिअर आलंय बघ, कोथिंबीर संपलीय. तेच मूल बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरच्या एखाद्या कंपनीत बसलं असतं, तर आपण दिवसभरात त्याला एक फोनही केला नसता.

माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. बी.कॉम. झाला, वेबसाइट बनवायचं घरबसल्या स्वतःच शिकला आणि गेली चार वर्षं स्वतंत्रपणे तेच काम करतोय. कुठल्या कंपनीत नाही. आम्ही राहतो बेंगळुरूत, मल्लेश्वरमला. सकाळी गॅलरीत उभी राहिले की गळ्यात ओळखपत्र अडकवून कंपनीच्या बसची वाट बघणारी मुलं दिसतात, आणि माझ्या पोटात कालवाकालव होते. आपल्या पोराचं पुढे कसं होणार? पगार नाही, पीएफ नाही, उद्या लग्नाचं बघायचं तर काय सांगायचं?

एका वर्षी गणपतीत गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात ओळखीच्या एक बाई भेटल्या. "कुठे असतो हो तुमचा मुलगा?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्येच आहे," आणि विषय बदलला. तो शेजारीच उभा होता. घरी येताना रिक्षात तो एक अक्षर बोलला नाही. ती शांतता मला अजून खुपते.

आपल्याला मुलांची लाज वाटत नसते हो. भीती वाटत असते. पण मुलांपर्यंत पोचते ती लाजच.

माझे वडील बेळगावात शिंपी होते. त्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नव्हतं. उस्तादाच्या दुकानात बसून, जुने कोट उसवून, ते कसे शिवलेत ते बघत बघत शिकले. माझा मुलगा याहून काही वेगळं करत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कारण वेबही अशीच उसवून बघता येते. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि 1993 मध्ये सर्नने ते तंत्रज्ञान सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. आजही ब्राउझरमध्ये कुठलंही पान उसवून त्याची आतली शिवण बघता येते. क्विन्सी लार्सन नावाचे शिक्षण क्षेत्रातले एक गृहस्थ तिशीत स्वतः कोडिंग शिकले आणि 2014 मध्ये त्यांनी फ्रीकोडकॅम्प सुरू केलं. तिथले कोडिंगचे ऑनलाइन धडे फुकट आहेत. माझा मुलगा रात्र रात्र तेच गिरवत बसायचा, आणि मी बाहेरून ओरडायचे, "झोप आता, डोळे जातील!"

मग दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली. दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एका काकूंची वेबसाइट तो बनवत होता. मी नेहमीसारखी दार लोटून गेले, तर म्हणाला, "आई, जरा हे बघ. काहीतरी चुकतंय, पण मला नेमकं कळत नाहीये." मोबाइलवर मोठ्या अक्षरांत 'दिवाळी फराळ' लिहिलं होतं, आणि दोन्ही वेलांट्या वरून छाटल्यासारख्या दिसत होत्या. मी म्हटलं, "अरे, वेलांटीला डोकं वर काढायला जागाच नाही." तो हसला. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली होती. त्याने 1.1 चा आकडा 1.6 केला आणि वेलांट्या पूर्ण उमटल्या.

त्यानंतर तासभर तो मला दाखवत बसला. स्वस्तातल्या छोट्या फोनवर पत्ता लिहायला कीबोर्ड उघडला की ऑर्डरचं बटण त्याखाली दडायचं, ते वर आणायला त्याची अख्खी संध्याकाळ गेली होती. कुणीही त्याला शाबासकी दिली नव्हती. देणार कोण? शेजारच्या टेबलावर सहकारी नाही, वरिष्ठ नाही, परीक्षा नाही, गुण नाहीत. "मला हे खरंच येतं का, असं रोज वाटतं," तो सहज बोलून गेला. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतोय आणि हे मला तेव्हा कळलं.

म्हणून पहिली गोष्ट एवढीच सुचवेन, की मुलांना कधीतरी म्हणा, "काय करतोयस, दाखव ना." समजलं नाही तरी चालेल. "किती मिळाले?" हा प्रश्न तेवढा नंतर विचारा.

आपण आणखी एक करतो. पेपरात आलं की आता एआय वेबसाइट बनवतं, की ती बातमी जेवताना त्याच्या पानात वाढतो. त्याने ती आपल्या आधी वाचलेली असते. नाहीतर मग मोठी नावं सांगतो. मुंबईच्या रुषभ मेहतांचं शिक्षण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं. घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी हवं तसं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा ते स्वतः प्रोग्रॅमिंग शिकले आणि त्यातून ईआरपीनेक्स्ट हे धंदा सांभाळायचं सॉफ्टवेअर उभं राहिलं. गोष्ट खरी आहे, धीर देणारीही आहे. पण "बघ, त्याने करून दाखवलं" असं म्हटलं की त्याच गोष्टीचं ओझं होतं. नाव सांगायचंच, तर स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी आठवा. आमच्याकडे मुलाच्या बाबांना ऑनलाइन कामं मिळणं हीच फसवणूक वाटायची. आयआयटी मुंबईत शिकलेले बीरूद सेठ अशी कामं मिळवून देणाऱ्या ईलान्सच्या संस्थापकांपैकी होते, आणि पुढे ईलान्स व ओडेस्क एक होऊन 2015 मध्ये त्याचंच अपवर्क झालं, हे कळल्यावर त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

फसवणूक मात्र झालीच, आणि ती ओळखीतून आलेल्या कामात. एका ग्राहकाने पूर्ण काम करून घेतलं आणि निम्मे पैसे बुडवले. मुलाने आम्हाला तीन आठवड्यांनी सांगितलं. का? "तरी तुला सांगत होतो" हे ऐकायला लागेल म्हणून. मला त्या पैशांपेक्षा ते तीन आठवडे जास्त लागले. तो एकटाच ते मनात घेऊन आमच्याबरोबर जेवत होता.

त्या रात्री मी त्याला माझ्या वडिलांची रीत सांगितली. कापडाला कात्री लावायच्या आधी निम्मे पैसे. माप आणि द्यायची तारीख गिऱ्हाइकासमोर वहीत लिहायची. शिवून झाल्यावर कोणी "कॉलर बदला" म्हणालं तर त्याचे पैसे वेगळे. तो लक्ष देऊन ऐकत होता. कोडिंग शिकवणारे पुष्कळ भेटतात त्याला, व्यवहार शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं. आणि तो तर आपल्यालाच येतो!

तेव्हा काळजी करायचीच, तर तिला अशी कामाला लावूया. पहिल्या वर्षापासून आयकर विवरणपत्र भरायला लावा, उत्पन्न करपात्र नसलं तरी. बँक उद्या घरकर्ज देताना पगाराच्या स्लिपऐवजी मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रंच मागेल. कंपन्या पैसे देताना टीडीएस कापतात, तो जुळतो का हे एकदा बरोबर बसून बघा. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, म्हणून ओळखीच्या सीएशी गाठ घालून द्या. कामाचं खातं वेगळं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला, आणि आरोग्यविमा त्याच्या स्वतःच्या नावावर. महिना कोरडा गेला तर मग घरात कुणी कुणाकडे चोरून बघत नाही.

आणि दार वाजवून आत जा. मला अजून दर वेळी आठवत नाही, पण प्रयत्न करते. त्याच्या कामाच्या वेळा फ्रिजवर लावल्यात. गॅसवाल्याकडे आता जो मोकळा असेल तो बघतो.

यंदा गणपतीत त्याच बाई पुन्हा भेटल्या. मी म्हटलं, "वेबसाइट बनवतो तो. स्वतंत्र काम आहे त्याचं." आणि फोन काढून काकूंची फराळाची साइट दाखवली. वेलांट्यांसकट. तो मागून म्हणाला, "आई, पुरे गं."

घरी येताना रिक्षात मल्लेश्वरम येईपर्यंत तो पुढच्या कामाबद्दल बोलत होता.